न पाहिलेला हिरवा उजेड

मी एरवी घुम्या माणूस. पण मुलगी नॉर्वेत नोकरीला लागली, आम्ही दोघं धुळ्याहून तिच्याकडे जाऊन आलो आणि मला तोंड फुटलं. अख्ख्या खानदेशात उत्तरेच्या प्रकाशावरचा, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सवरचा, अधिकारी माणूस मीच. बारसं असो की लग्न, मोबाइल काढायचा, फोटो दाखवायचे आणि सुरू व्हायचं: सूर्याकडून विद्युतभारित कण येतात, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवतं, तिथे उंचावर ते ऑक्सिजनवर आदळतात आणि आकाश हिरवं उजळतं.

भडगावला थोरल्या भावाकडे हेच चाललं होतं. आम्ही त्यांना नाना म्हणतो. फोटो लांब धरून नाना अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं हिरवंगार शे. आपला हरभरा बी इतला हिरवा नही."

वहिनींनी माझ्या बायकोला विचारलं, "तुला कसं वाटलं गं?"

"हे सांगतात तसंच," असं म्हणून ती ताटं उचलून आत गेली.

खरं म्हणजे मी काहीच पाहिलेलं नाही. मुलीने आम्हाला पर्यटकांच्या गाडीत बसवून दिलं होतं. दोन स्वेटर, वर कोट, कानटोपी, मफलर, एवढं चढवून मी गाडीतल्या उबेत झोपून गेलो. बायकोने बाहेरून काच वाजवली. "दोन मिनिटं," मी म्हणालो आणि कूस बदलली. फोटो सगळे हिचे. हिने कुणापुढे अवाक्षर काढलं नाही, आणि मी त्या मोठेपणावर बिनदिक्कत व्याख्यानं दिली.

त्या दिवशी भडगावहून परतताना मी तिला पहिल्यांदाच विचारलं, "कसं होतं गं ते?"

"हिरवं नव्हतं."

"फोटोत तर आहे."

"ते मोबाइलमध्ये आलं. डोळ्यांना पांढुरकं दिसत होतं. कापसाच्या जिनिंगमध्ये उन्हाच्या तिरिपेत रुई उडते ना, तसं. मग ते एकदम हलायला लागलं, खालून गुलाबी कड आली. म्हटलं, आधी तुम्हाला उठवावं. काच वाजवून वळले, तर विझलं होतं."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पुढे जळगावला भाचीच्या साखरपुड्यात जेवणं झाल्यावर कुणीतरी फर्माईश केली, "काका, ते हिरव्या उजेडाचं होऊन जाऊ द्या."

मी मोबाइल बायकोच्या हातात दिला. "हिला विचारा. मी तेव्हा गाडीत झोपलो होतो."

क्षणभर कुणाला कळेना. मग नाना म्हणाले, "इतला लांब जाईसन झोपना का रे तू?"

सगळे हसले, हीसुद्धा. मोबाइल तिने पर्समध्ये टाकला. "जिनिंगमध्ये रुई उडताना पाहिली आहे ना तुम्ही?" तिने सुरुवात केली.

मी खुर्ची जवळ ओढून घेतली.