गंगाबाईंनी धवला थांबवला

आमच्याकडे लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण येते. पनवेलच्या आसपासच्या आगरी गावांत देवाला आवतण द्यायचं, हळद लावायची, ते सगळं तिच्या गाण्यावर चालतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. आमच्या गावच्या धवलारीण गंगाबाईंनी ते सासूकडून उचलले. नवरा मिठागरावर कामाला होता, तो तरुणपणीच गेला. पुढे त्यांनी भाजी विकून दोन मुली वाढवल्या आणि लग्नसराईत धवले गायले. मांडवात मात्र गाण्याबाहेर एक शब्द बोलायच्या नाहीत. भांडणं व्हायची, रुसवेफुगवे व्हायचे, त्या डोळे मिटून गात राहायच्या.

गेल्या वैशाखात गावातल्या प्रणितची हळद होती. त्याचा बाप तो लहान असतानाच वारला. आई भामानं जासईच्या एका गोदामात झाडलोट करून त्याला इंजिनीअर केलं. मांडव चुलत्याच्या, काशीराम बिल्डरच्या अंगणात पडला होता.

आईनं हळद लावताना म्हणायचा धवला गंगाबाईंनी धरला. भामानं वाटीत बोटं बुडवली, तोच काशीरामनं तिचं मनगट धरलं.

"तू नको. सवाशिणी लावतील. विधवेचा हात आज नको. मागं बस."

भामा जागची हलेना, तेव्हा त्यानं तिला खांद्याला धरून ढकललं. हळद सांडली. पिवळी बोटं पदराखाली लपवत ती उभी राहिली. मी पुढच्याच सतरंजीवर होते. अख्खा मांडव बघत होता.

धवला थांबला.

काशीराम वळला. "काय झालं, काकी? गा ना."

"नाय गायची," गंगाबाई म्हणाल्या. "आधी तिला लावू दे."

"तुमचं काम गायचं हाय. बाकीचं आमी बघू."

"माज्या तरी कपाळाला कुंकू हाय का रं? तुज्या लग्नाला मीच गायले, तुज्या पोराच्या लग्नाला मीच. तवा इधवा बाईचं तोंड चाललं. आणि जिनं याला पोटात वाढवला, तिचा हात चालत नाय?"

काशीरामनं डीजेवाल्याला खूण केली. स्पीकर दणाणले. गंगाबाई त्या गोंगाटातून चालत गेल्या आणि नवऱ्यामुलाच्या पाटासमोर उभ्या राहिल्या. तेवढ्यात काशीरामचीच सून, स्नेहल, उठली आणि तिनं डीजेची वायर उपटून काढली.

"पोरा, हळद तुजी हाय," गंगाबाई म्हणाल्या. "तू बोल."

प्रणितनं चुलत्याकडे पाहिलं, मग खाली मान घातली.

"आई लावेल," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल."

"आईच लावेल, काका!"

भामानं लेकाच्या दोन्ही गालांना हळद लावली. तिनं घाई केली नाही. काशीराम घरात निघून गेला. जाताना ओरडला, "या बाईला आता कोण बोलावतं तेच बघतो!"

ते त्यानं खरंही करून दाखवलं. त्याच हंगामात दोन घरांनी गंगाबाईंना दिलेली सुपारी परत घेतली. त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तरी पुढच्या लग्नघरचा माणूस बोलवायला आला तेव्हा त्यांनी त्याला ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं,

"नवऱ्याची आय हाय ना? बाप नाय म्हनं त्याला. मंग आयेला हळद लावू देनार का?"

तो गडबडला. "घरी विचारून सांगतो."

"विचार," गंगाबाई म्हणाल्या. "ती लावनार असंल, तरच मी येन."