आतून झिजलेले टायर

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी एका ठेकेदार साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. बोईसर स्टेशनवरून माणसं घ्यायची आणि घिवलीकडे साइटवर सोडायची, हे माझं काम. गाडीला चारही टायर नवे घातले, पण दोन महिन्यांतच पुढचे दोन्ही आतल्या बाजूने गुळगुळीत झाले. गाडीचा सगळा जोर मागच्या चाकांवर, तरी मागचे टायर चांगले होते. साहेब म्हणाले, "तू वळणावर गाडी कशीही फिरवतोस."

मी गाडी पालघरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने पुढच्या दोन चाकांमधलं अंतर दोरीने मागून मोजलं, मग पुढून मोजलं. पुढून ते बोटभर जास्त भरलं. गाडीखाली शिरून तो म्हणाला, "चाकं पुढून फाकलीत, म्हून टायर आतून घासतात. स्टेरिंगचा रॉड वाकलाय. गाडी कुठंतरी आपटली हाय. तुजा दोष नाय."

माझ्या हातून गाडी कधी आपटली नव्हती. नवे टायर घातल्यावर एका रविवारी साहेब स्वतःच ती माहीमला घेऊन गेले होते. मी हे त्यांना साइटवर चार माणसांसमोर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

आठवड्याभरात त्यांनी रॉड बदलून घेतला, हे मला मिस्त्रीकडूनच कळलं. साइटवर मात्र मी टायर खाणारा ड्रायव्हरच राहिलो. कोणी हातात गाडी देईना, म्हणून तिथेच काँक्रीटची घमेली उचलू लागलो. साहेब रोज त्या गाडीतून जायचे आणि मला पाहून काच वर करायचे.