हा गेज ढिला जातोय

"ढकलू नको. जायचं आसंल तर आपोआप जातंय."

हे वाक्य ताई दिवसातून वीसदा तरी म्हणायच्या. म्हणता म्हणता गेज चिमटीत धरायच्या, लोखंडी बुशाच्या, म्हणजे आखूड पोकळ नळीच्या, भोकावर नुसता टेकवायच्या आणि हात काढून घ्यायच्या. गेज स्वतःच्या वजनानं सावकाश आत उतरायचा. तोवर त्यांनी पुढचा बुश उचललेला असायचा.

गेज म्हणजे बरोब्बर मापाची पोलादी कांडी. ती भोकात गेली तर माल पास, अडली तर नापास. जोर लावला की नापास मालही पास होतो, आणि नव्या पोरांना जोर लावायची भारी हौस. मीही लावला होता. पहिल्याच दिवशी ताईंनी माझ्या मनगटावर टिचकी मारली होती.

वाळूजच्या त्या कारखान्यात आमच्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या खात्यात, त्या एकट्याच बाई. आम्ही चाळीस बापे. साडीवर निळा कोट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पायांत पुरुषी मापाचे सेफ्टी बूट, कारण बायकांच्या मापाचे कंपनीनं कधी मागवलेच नाहीत. पुढं कापूस कोंबून त्या ते वापरायच्या. राहायच्या बजाजनगरात, त्यांचे मालक गारखेड्याच्या एका शाळेत शिपाई. एवढीच माहिती आम्हाला होती आणि जास्तीची आम्ही कधी विचारली नाही.

शॉपमध्ये बायकांसाठी संडास नव्हता. ताईंना मैदान ओलांडून ऑफिसच्या इमारतीत जावं लागे. जाताना कुणी काही बोलत नसे. परत आल्या की मात्र चाळीस जणांतला कुणीतरी हळूच टाळी वाजवी, मग दुसरा, मग सगळे. ताई मान खाली घालून स्टुलावर बसायच्या. पुढं पुढं त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. तुम्ही म्हणाल, तू काय करत होतास? मी टाळ्या वाजवत होतो. सगळ्यांत जोरात नाही, पण वाजवत होतो.

आणि दुपारी त्यांच्याच डब्यातली शेंगदाण्याची चटणी खात होतो. "पोरा, खोलीवर नुसता चहा पिऊन ऱ्हातोस व्हय?" म्हणून त्या माझ्यापुरती वेगळी पुडी आणायच्या. डिप्लोमाचा कागद होता माझ्याकडं, पण काम शिकवलं ते ताईंनी. मलाच नाही, माझ्या आधीच्या तिघांनाही. ते तिघेही सुपरवायझर झाले आणि ताई त्याच स्टुलावर राहिल्या. दर वेळी कारण एकच: सुपरवायझरला रात्रपाळी असते आणि बाईला रात्रपाळी चालत नाही. कारण कायद्यातलं होतं, त्यामुळं सांगणाऱ्याला लाज वाटायचं काम नव्हतं.

मग एका वर्षी जागा निघाली ती दिवसपाळीची. ताईंनी अर्ज केला. मीही केला.

चहाच्या सुट्टीत त्यांची यथेच्छ टिंगल झाली. आमच्याकडं खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची आणि नारळ फोडायचा मान सुपरवायझरचा. "ताई, तुम्ही सुपरवायझर झालात तर नारळ कोण फोडणार? बाई नारळ फोडत नसती."

ताईंनी बशीतला चहा संपवला. "मी फोडीन की. नारळाला काय कळतंय, हात कुनाचा हाय ते?"

सगळे हसले. पण हसू लवकर विरलं, कारण त्या खरंच फोडतील हे आम्हाला कळून चुकलं.

आता मी काय केलं ते सांगतो. गेज वापरून वापरून झिजतो. झिजला की बारीक होतो आणि बारीक भोकातूनही सहज जातो, म्हणजे खराब माल चांगला दाखवतो. असा गेज बाद करून त्याच्या मुठीला लाल रंग फासतात. सुपरवायझरच्या जागेसाठी आम्हा दोघांची परीक्षा होती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एक बाद गेज काढला, ब्लेडनं त्याचा रंग खरवडला आणि ताईंच्या टेबलावर ठेवला. त्यांचा चांगला गेज माझ्या टेबलावर आणला. दोघा-तिघांनी पाहिलं. एकानं पाठीवर थाप मारली. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, हे खरं. पण तेवढ्यासाठी केलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. बाईच्या हाताखाली काम करणारा, असं मला कुणी म्हटलेलं नको होतं.

मॅनेजरसाहेबांनी दोघांपुढं चाळीस-चाळीस बुश ठेवले. त्यात दहा-दहा खराब, ते आम्ही शोधायचे. तिसऱ्याच बुशाला ताई थांबल्या.

"साहेब, हा गेज ढिला जातोय. दुसरा द्या."

"परीक्षेत हत्यार बदलून मिळत नसतं, ताई."

मागून कुणीतरी म्हणालं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" आणि सगळा शॉप हसला. मी मान वर केली नाही.

मला दहाच्या दहा सापडले. ताईंना सात. आंधळा गेज हातात असताना, तो आत जाताना किती घासतो एवढ्यावरून त्या बाईनं सात ओळखले होते. हे मला पुरतं कळलं, आणि कळून मी पेढे वाटले. पहिला पेढा ताईंना दिला. त्यांनी घेतला, कागदात गुंडाळून डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्या मला 'सर' म्हणू लागल्या. चटणीची पुडी बंद झाली. खंडेनवमीला नारळ मी फोडला. हळदीकुंकवाचं ताट ताईंच्या हातात होतं.

तो गेज मात्र ताईंच्या टेबलावरच राहिला. बदलायचं मनात होतं. पण परीक्षेच्या कागदावर त्याचा नंबर साहेबांच्या सहीनं लिहिलेला. बाद करायचा तर कारण लेखी द्यावं लागणार. ताई दोनदा येऊन म्हणाल्या, "सर, हा गेज ढिला जातोय." पहिल्यांदा मी "बघतो" म्हणालो. दुसऱ्यांदा चारचौघांत म्हणालो, "गेज बरोबर आहे. तुम्हाला पोस्ट मिळाली नाही म्हणून तो ढिला वाटतो. हाताचं कौतुक पुरे झालं. गेज आत गेला की पास, एवढंच करायचं."

तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. सांगितलं तेवढंच करत राहिल्या.

दिवाळीनंतर सगळा माल परत आला. पुढच्या कारखान्यात बुशात पिन बसेना. चौकशी झाली. टेबल कुणाचं? ताईंचं. ताईंनी तो गेज साहेबांसमोर ठेवला, मुठीवर कोरलेल्या आकड्यांच्या खाचेत केसातली पिन घातली आणि कणभर लाल रंग बाहेर काढला. साहेबांनी तो कण पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या परीक्षेच्या कागदावर त्यांची सही होती.

"रंग काय, कशाचाही लागतो," साहेब म्हणाले. ताईंकडून राजीनामा लिहून घेतला.

निळा कोट धुऊन, इस्त्री करून त्यांनी माझ्याकडं परत दिला. बूटही आणले होते. त्यातला कापूस काढून टाकलेला. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरा," त्या म्हणाल्या. किती महिन्यांनी म्हणाल्या! "त्या दिशी आठवा बी कळला व्हता मला. हातात व्हता. पर तुम्ही समदे हसलात, आन् माझ्याच हातावरला माझा भरवसा गेला बघ. तेवढंच लई लागलं."

त्या फाटकाबाहेर पडल्या. नंतर त्यांचं काय झालं, ते मी विचारलं नाही. बजाजनगर तिथून चालत पाव तासाच्या अंतरावर होतं.

आता मी निवृत्त आहे. गेल्या महिला दिनाला शेंद्र्याच्या एका कारखान्यानं मला पाहुणा म्हणून बोलावलं. तिथं अर्ध्याहून जास्त मुली. त्यांच्या मापाचे बूट, शॉपला लागूनच स्वच्छ संडास. व्यवस्थापकानं माझी ओळख करून दिली, 'महिला कामगारांना प्रोत्साहन देणारे ज्येष्ठ तज्ज्ञ'. 'हे खोटं आहे' असं मी म्हणालो नाही. शाल घेतली, नारळ घेतला. मग मुलींना प्रात्यक्षिक दाखवलं. गेज चिमटीत धरला, बुशावर टेकवला आणि हात काढून घेतला.

"ढकलायचं नाही. जायचं असेल तर आपोआप जातं."

मुलींनी वहीत लिहून घेतलं. पहिल्या रांगेतल्या एकीनं हात वर केला. "सर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"अनुभवानं," मी म्हणालो.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. आधी एकीनं, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी.