कानापर्यंत हात

सरकारी हिशेबानं मी यंदा पंचाहत्तरी गाठली आणि माझा एसटीचा प्रवास फुकट झाला. खरं वय दोन वर्षांनी कमी. ही लबाडी माझी नाही, आक्काची.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. त्या काळी शाळेत घालताना पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. माझा हात जेमतेम टाळूपर्यंत गेला होता. आक्कानं मागून मनगट धरून असा ओढला की मी कळवळलो, पण कान लागला. गुरुजींनी सगळ्या गावाची असते तीच एक जून ही जन्मतारीख मला दिली आणि जन्मसाल दोन वर्षं मागं नेलं. आक्का दारातूनच परत गेली. तिचं नाव कुणी घातलंच नाही. पुढं आधार कार्ड काढताना तिथल्या माणसानं तिचं वय अंदाजानं टाकलं आणि कागदावर ती माझ्याहून चार वर्षांनी लहान झाली. यावर आम्ही दोघं लई हसलोय.

आता तिला विसर पडतो. परंड्याला भाच्याकडं असते. धाराशिवहून मी दर पंधरवड्याला जातो. लोक म्हणतात, फुकट आहे म्हणून म्हातारा हिंडतो. म्हणेनात का! आई-वडील गेले, बरोबरीचे गेले. मला ‘बारक्या’ म्हणणारं एवढं एकच तोंड उरलंय. तेही विसरलं तर मी कुणाचा धाकटा? दर खेपेला तिचा उंबरा ओलांडताना मला हीच भीती वाटते.

परवा ती म्हणाली, सोनारीला जाऊ. सोनारी आमचं गाव. एसटीत कंडक्टरनं दोघांची कार्डं पाहिली.

“आजोबा फुकट. मावशी, तुमचं अर्धं.”

“ह्यो बारका हाय माजा,” आक्का उसळली. “म्या कडंवर घिऊन हिंडलेय ह्याला.”

“कार्डावर तर आजोबाच थोरले हायत.”

गाडी हसली. सवयीनं मीही हसलो, आणि तेच नडलं.

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग पदर सावरून म्हणाली, “दादा, खिडकीशी तुमी बसा.”

“आक्का, मी बारक्या हाय गं.”

तिनं मान हलवली, परक्या माणसाचं मन राखायला हलवतात तशी.

गावात उतरल्यावर मी तिला थेट शाळेच्या दाराशी नेलं. जुनी खोली पाडून तिथं स्लॅब टाकलाय. मी तिच्यासमोर डोक्यावरून हात नेला. खांदा आखडलेला, हात टाळूवरच अडकला. आक्कानं पाहिलं, झटकन मागं आली, मनगट धरलं आणि ओढलं. कळ मस्तकात गेली. कान लागला.

“लागला!” ती पोरीसारखी हसली.

आता ‘बारक्या’ म्हणेल, म्हणून मी तसाच कान धरून उभा राहिलो. तिनं आपला हात डोक्यावरून नेला, स्वतःचा कान धरला आणि शाळेच्या दाराकडं बघत म्हणाली, “दादा, माजा बी लागतोय बघा. माजं बी नाव घालायला सांगा की.”