स्क्रीन लागेपर्यंत

टक्!

जुन्या डिझेल जीपची किल्ली अर्धी फिरवली की आतली तार तापायची आणि मग असा बारीकसा आवाज यायचा. थंडीत त्याला वेळ लागे. तोवर ड्रायव्हर बिडी विझवी, सवारी सुपारी कातरी. आता इंजिन लगेच सुरू होतं, पण डॅशबोर्डवरची स्क्रीन उठता उठत नाही. आमच्या अकोल्याच्या टॅक्सी-स्टँडवरच्या गाड्या जुन्या. स्क्रीन लागायला दोन-अडीच मिनिटं. तेवढ्या वेळात माणूस गप्प थोडाच बसतो? अशा दोन-दोन मिनिटांतूनच इतके किस्से साचले, की कोणता आधी सांगू असं होतं.

*

स्क्रीनसाठी आम्ही थांबतो कशाला, ते आधी सांगतो. गाड्यांच्या मागे पानठेला आहे, आणि रिव्हर्सचा कॅमेरा स्क्रीनवरच दिसतो. एकदा मी घाई केली. स्क्रीन लागायच्या आत गाडी मागे घेतली. धाड! चुन्याचा डबा उडाला, मागची काच पांढरी झाली.

पानवाला शांतपणे माझ्यापाशी आला. म्हणाला, "काका, पान खाचं होतं तं उतरून मांगाचं ना!"

तेव्हापासून नियम झाला, स्क्रीन लागल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही. मान वळवूनही पाहता येतं, पण आमच्या माना आता वळत नाहीत.

*

स्टँडवरचा हसरा माणूस म्हणजे बबन. सवारीनं घाई केली की म्हणायचा, "साहेब, गाडी उठली, तिचं तोंड धुनं चालू हाये!"

सगळ्या जगाशी बोलायचा, एक आपली पोरगी सोडून. वंदनानं आपल्या मनानं लग्न केलं आणि अमरावतीला गेली. तीन वर्षं बापलेकीचं बोलणं बंद. मी एकदा म्हटलं, "काहून रे, एक फोन तं कर."

म्हणाला, "फोन हातातच रायते भाऊ. पयले कोन बोलन, तेच ठरत नाही."

*

स्टँडवरच्याच रहीमभाईंच्या गाडीचा नकाशा तर आणखी आळशी. स्क्रीन लागली तरी बराच वेळ जुनीच जागा दाखवायचा. एकदा परतवाड्याला चहा पिऊन गाडी सुरू केली, तर नकाशात गाडी अजून अकोल्यातच!

आत एक पोरगा होता. ऑफिसात ताप आल्याचं सांगून चिखलदऱ्याला फिरायला निघालेला. त्याला भारी आनंद झाला. त्यानं स्क्रीनचा फोटो काढून साहेबांना पाठवला, 'पाहा सर, दवाखान्यात चाललो, अकोल्यातच आहे.'

साहेबांचं उत्तर आलं, 'काचेतून मागे डोंगर दिसून राहिला. अकोल्यात कधी आला?'

*

एकदा बबन एका घरची माणसं घेऊन कौंडण्यपूरला गेला. नदीत अस्थी सोडायच्या होत्या. सगळं आटोपलं, माणसं गाडीत येऊन बसली. मागच्या सीटवर गेलेल्याची म्हातारी बायको. बबननं किल्ली फिरवली आणि त्याच्या लक्षातच राहिलं नाही, की आदल्या दिवशी गाडी वरातीत होती.

दोन मिनिटांनी स्क्रीन लागली आणि बँडचं गाणं सुरू झालं, पुऱ्या आवाजात! बबन बटण दाबतो तर बंदही होईना.

मागून म्हातारीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे बापू. त्याईले नाचाचा लय शौक होता."

बबननं हा किस्सा दहादा सांगितला असेल. म्हातारीपाशी आला की दर वेळी थांबायचा.

*

आणि हा मागच्या हिवाळ्यातला.

सकाळची वेळ, सवाऱ्या कमी. अमरावतीला गाडी न्यायचा नंबर बबनचा होता. पुढच्या सीटवर बॅगवाले एक सर बसलेले. तेवढ्यात वंदना आली, कडेवर लेकरू. मामाच्या घरी आली होती, परत निघाली होती. बापाला पाहून थबकली. आमच्याकडे नंबर मोडत नाही, ज्याची पाळी त्याच्याच गाडीत बसायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. मागच्या सीटवर बसली. ते लेकरू बबननं तोवर पाहिलेलंही नव्हतं.

मी खिडकीपाशीच उभा होतो. बबननं किल्ली फिरवली. स्क्रीन काळी. काळ्या काचेत मागची सीट दिसत होती. बबन तिकडेच पाहत बसला. दोन मिनिटांनी स्क्रीन लागली.

बबननं किल्ली बंद केली. पुन्हा फिरवली.

पुन्हा दोन मिनिटं. स्क्रीन लागली. पुन्हा बंद.

तिसऱ्यांदा किल्ली फिरवली, तशी सर तडकले. "अहो, काय चाललंय? लागली होती ना आता! मला दहाच्या आत पोचायचं आहे!"

बबन काळ्या स्क्रीनकडेच पाहत होता. काचेत लेकरू आईचा पदर तोंडात घालत होतं.

मागून वंदनाचा आवाज आला, "बाबा, खराब झाली काय?"

बबन म्हणाला, "नाही वं बाई. टाइम लागते तिले."

सरांनी एकदा बबनकडे पाहिलं, एकदा मागे वळून पाहिलं. मग मांडीवरची बॅग उचलली, खाली उतरून हळूच दार लावलं आणि मागच्या गाडीकडे चालू लागले. जाताना मला म्हणाले, "दहाला नाही पोचलो तरी चालेल."