सक्करदऱ्यावरची शिडाची होडी

नागपूरला समुद्र नाही, हे मला होडी विकत घेण्याच्या आधीपासून माहीत होतं.

मुळात मी होडी आणायला गेलोच नव्हतो. नागपुरातल्याच सदर भागातले एक गृहस्थ बंगला रिकामा करून गावी निघाले होते आणि सामान स्वस्तात काढत होते. दुधावर मांजर टपून असतं म्हणून सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, मला जाळीचं कपाट आणायला पाठवलं. कपाट चार फुटी, किंमत नव्वद रुपये. म्हणजे फुटाला साडेबावीस. शेजारीच होडी पडली होती. बारा फुटी, किंमत साठ. म्हणजे फुटाला पाच! मी हिशेबखात्यात नोकरी केलेला माणूस. असा दर समोर दिसत असताना कपाट घेणं मला शोभलं नसतं. (शिवाय स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते, तो हा काळ. मला वाहन मिळालं, तेही उभ्या उभ्या!)

सदरहून सक्करदऱ्याला, तलावाजवळच्या आमच्या घरापर्यंत आणायला हातठेल्याचे पंचवीस रुपये झाले. सुमन दारातच उभी होती.

“कपाट कुठं हाये?”

“कपाट महाग पडत होतं.”

“अन् हे का होय?”

“होडी. शिडाची.”

“बाप्पा! आता दूध का होडीत ठेवू?”

बातमी सावनेरला तिच्या माहेरी पोचली आणि पाठोपाठ सासरे हजर झाले. त्यांनी होडीभोवती एक चक्कर मारली, काठीने ठोकून पाहिली आणि प्रसन्न झाले.

“जावईबापू, मस्त चीज आनली! सरकी भिजवाले अशी गव्हान आमच्याकडं कोनाचीच नाही. आठ बैलं एका वक्ती खातीन.”

“मामाजी, ही होडी आहे.”

“असन. पन जाते का पान्यात?”

“जाते ना! शिडात वारा भरला की वल्हीसुद्धा लागत नाहीत.”

त्यावर सुमनने निकाल देऊन टाकला. “मंग असं करा. येत्या रविवारी तलावाच्या या काठाहून त्या काठाले वाऱ्यावर नेऊन दाखवा. गेली, तं तुमची. नाही गेली, तं बाबाच्या बैलायची.”

तोवर होडी ही माझ्या दृष्टीने निव्वळ सवलतीची खरेदी होती. पण मामाजींनी मनातल्या मनात तिच्यात सरकी भिजत घातली आणि माझ्यातला दर्यावर्दी खवळला! अख्ख्या नागपुरात, निदान माझ्या माहितीत, शिडाच्या होडीचा मालक मी एकटाच. आणि तिची गव्हाण? छे!

अडचण एवढीच, की होडीला शीड नव्हतं. ते बंगल्यातल्या उंदरांनी खाल्लं होतं आणि डोलकाठीचं जळण झालं होतं. मी आमच्या गल्लीतल्या किसनभाऊ सुताराला बोलावलं.

“किसनभाऊ, होडीवर शीड उभारायचंय.”

“किती फूट?”

“बारा फूट उंच. वाऱ्यात हलता कामा नये.”

“हालन कशी? मानूस चढला तरी हालनार नाही!”

मला ही सुताराची बढाई वाटली. शनिवारी संध्याकाळी कचेरीतून आलो, तर होडीच्या मधोमध, लोखंडी पट्ट्या मारून, सागवानी शिडी उभी होती. रुंद पायऱ्यांची, रंधा मारलेली, देखणी शिडी!

“किसनभाऊ! मी शीड म्हणालो होतो, शीड!”

“तेच तं केली. शिडी.”

“शिडी नाही हो! शीड! वारा भरायचं कापड!”

“कापड? मंग शिंप्याले सांगाचं नं, मले काहून सांगतलं?”

“अहो, होडीवर शिडी कोण लावतं?”

“मलेबी तोच इचार पडला होता. पन म्हटलं, सायेब हायेत. पाह्यत असतीन काही वर चढून.”

शिडीचे एकशे दहा रुपये झाले. काढायची म्हटलं तर तळाच्या फळ्याही निघणार होत्या. मागे सुमन पदर तोंडाशी धरून हसत होती. मी मात्र खचलो नाही. मंडपवाल्याकडून एक जुनी कनात दिवसाला दोन रुपये भाड्याने आणली, लग्नात आडोशाला लावतात ती, लाल-पिवळ्या पट्ट्यांची. तिच्यात बांबू आधीच शिवलेले असतात! वरचा बांबू शिडीच्या शेंड्याला, खालचा तळाशी, सुतळीने करकचून बांधला. जगातल्या मोठमोठ्या खलाशांना जे सुचलं नाही, ते मला बहात्तर रुपये वाचवताना सुचलं. (नव्या कापडाची आणि शिलाईची मी चौकशी केली होती.)

आता वारा. नागपुरात वारा आणि पाणी यांचं आपसात पटत नाही. पावसाळ्यात तलाव तुडुंब असतो, तेव्हा वारा आपला भलतीकडेच. वारा हमखास वाहतो तो मे महिन्यात, भर दुपारी. त्याला आम्ही लू म्हणतो आणि शहाणी माणसं त्या वेळी दारं लावून बसतात. आमचा रविवार मेमधलाच होता. ऊन बाधू नये म्हणून मी खिशात कांदा ठेवला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि निघालो.

काठावर ही गर्दी! मामाजी तर आदल्या संध्याकाळीच सावनेरहून बैलांची बंडी जोडून आले होते. गव्हाण न्यायला बंडी लागणार, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

“जावईबापू, पोहता येते नं?”

“गरज पडणार नाही!”

चार जणांनी होडी ढकलली. क्षणभर काहीच घडलं नाही. मग लू आली, कनात फट्‌कन फुगली आणि होडी अशी सुटली, की माझा दुपट्टा काठावरच राहिला! लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. मी ताठ बसलो होतो. आमच्या सात पिढ्यांत वाऱ्यावर चाललेला पहिला पुरुष मीच!

समोरचा काठ जवळ आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की होडी थांबवायची कशी याचा अंदाजपत्रकात विचारच झालेला नाही. पुढे चिखलात म्हशी बसल्या होत्या. कनात सोडायला हवी होती आणि तिची गाठ होती शिडीच्या शेंड्याला. मी शिडी चढू लागलो.

मागून किसनभाऊचा आवाज आला, “पाहा! म्या म्हटलं नव्हतं? वर चढाचंच हाये त्याईले!”

शिडी खरोखरच हलली नाही. हलली ती होडी. मी गाठीला हात घालतो न घालतो, तोच ती म्हशींच्या मधोमध चिखलात जाऊन रुतली. ती जागच्या जागी थांबली. मी तसाच पुढे गेलो आणि एका म्हशीच्या पलीकडे पालथा पडलो.

तलावाला वळसा घालून सगळे धावत आले.

“हे काही खरं नाही,” मामाजी म्हणाले. “जावईबापू डोंग्यातून बाहीर पडले.”

आणि तेवढ्यात, ज्या बाईने ही अट घातली होती तीच कमरेला पदर खोचून बापासमोर उभी राहिली.

“बाबा, अट डोंग्याची होती, मानसाची नाही! डोंगा पोचला का नाही? या काठाहून त्या काठाले, वाऱ्यावर?”

“पोचला वं,” मामाजी म्हणाले.

“मंग झालं तं! आमचा हाये तो!”

‘आमचा’ हा शब्द ऐकून मी चिखलातच ताठ उभा राहिलो. होडीवर आजवर झालेला सगळा खर्च त्या एका शब्दात वसूल झाला!

नवा खर्च तिथेच सुरू झाला. वाऱ्याविरुद्ध परत यायची विद्या मला अवगत नव्हती. शेवटी मामाजींचीच बंडी जुंपून होडी रस्त्याने परत आणली आणि बैलांच्या ढेपेचे, म्हणजे पेंडीचे, बारा रुपये मी दिले. पुढे दर उन्हाळ्यात हाच शिरस्ता पडला: जाताना वारा फुकट, येताना बंडी भाड्याची. वर डांबर, रंग, कनातीचं भाडं. मामाजी मात्र हरल्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. उलट, घरातल्या दुसऱ्या जावयाला ते माझं उदाहरण द्यायचे, “शिका काही! याईच्या डोंग्यानं पान्यापेक्षा सडकच जास्त पाह्यली, पन मानूस हटला नाही!”