नळाची चप्पल

सूर्यभान वायरमनला शांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. रेल्वेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लोकांच्या घरातली वायरिंग पाहून त्याचं डोकं रोज तापतं. आणि खरं सांगतो, आमच्या पूर्णा गावातली गल्ली पाहून ते तापायलाच पाहिजे.

आमच्याकडे प्रत्येक न्हाणीघरात एक रबरी चप्पल असते. ती बाहेर कुणी घालत नाही. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून ही नळाची चप्पल. म्हणजे घरात वाघ शिरला तर आम्ही वाघाला हाकलणार नाही, स्टुलावर चढून संसार करू.

पूर्वी गल्लीत लोखंडी पाइप होता. अर्थिंगची वायर नळाला गुंडाळली की गळती वीज जमिनीत जायची. दोन वर्षांपूर्वी गल्लीतला पाइप प्लास्टिकचा झाला, घराघरातले लोखंडीच राहिले, आणि विजेची ती वाट बंद झाली. वायर मात्र सगळ्यांनी नळालाच ठेवली. आता गिझर बिघडला की वीज थेट तोटीत येते. सूर्यभान हे घरोघर सांगून आला. लोकांनी त्याला चहा पाजला आणि बाजारातून नवी चप्पल आणली.

मागच्या सोमवारी तो कापडवाल्या शंभुराजअप्पांकडे पंखा बसवायला गेला. अप्पांच्या पत्नी नीलम्मा इष्टलिंगाच्या पूजेचं पाणी भरत होत्या. ओल्या फरशीवर, अनवाणी. पूजेचं पाणी चप्पल घालून कसं भरणार? तोटीला हात लागला, झटका बसला, तांब्या पडला. त्यांनी तो उचलून पुन्हा हात पुढे केला.

“वैनी, हात मागं घ्या,” म्हणत सूर्यभानने धावत जाऊन मेन स्विच पाडला. “हे कधीपासून व्हायलंय?”

“दिवाळीपासून. आधी नुस्त्या मुंग्या यायच्या. आता पार खांद्यापर्यंत जायलंय.”

अप्पा न्हाणीघराच्या दारात आले. “आमाला कुणालाच काई होत न्हाई. हिचंच लय नाजूक काम.”

“तुमच्या पायात काय हाय, अप्पा?”

अप्पांच्या पायात अर्थातच चप्पल होती.

सूर्यभानने उपाय सांगितला: गिझर काढा, अंगणात खड्डा खणून अर्थिंगची प्लेट पुरा आणि घरातले सगळे लोखंडी पाइप तिला जोडा.

“अंगणात गेल्याच महिन्यात फरशी बसवली,” अप्पा म्हणाले. “दसऱ्यानंतर बघू की.”

“बरं. तवर पूजेचं पाणी तुमी भरा. एक तांब्या आत्ताच भरून दाखवा, अनवाणी. मग मी जातो.”

अप्पांनी उजवा पाय चपलेतून काढला, पण तो खाली टेकवेना. मेन स्विच त्यांच्या डोळ्यांदेखत पाडलेला होता. बायको दिवाळीपासून रोज जे करत होती, ते वीज बंद असतानाही या माणसाला करवेना. ते तसेच बगळ्यासारखे उभे राहिले.

नीलम्मा मागच्या खोलीतून पहार घेऊन आल्या.

“सूर्यभानभाऊ, खड्डा कुठं करायचा ते दाखवा.”

सूर्यभानने अंगणातल्या मधल्या फरशीकडे बोट दाखवलं.

“मधली नको,” अप्पा एका पायावरून म्हणाले. “कोपऱ्यातली काढ.”

“कोपऱ्यात ओल न्हाई, कोरड्या मातीत वीज उतरत न्हाई,” सूर्यभान म्हणाला.

मधली फरशी दुसऱ्या घावात फुटली.